ओढ्यातले मासे पाण्यात तोंड घालून बघायचेत: मास्क आणि स्नॉर्कल कसा निवडू?

काठावरून:

नमस्कार मंडळी. मला मासे बघायचा नाद आहे. आतापर्यंत काठावर बसून, पोलराइज्ड चष्मा लावून बघत आलो. त्याने पाण्यावरची चकाकी जाते, पण दिसते ती फक्त माशाची पाठ. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांची पाठ तळाच्या रंगाची असते, मातकट नाहीतर शेवाळी. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याला चटकन दिसू नये अशी. पट्टे, ठिपके, परांचे रंग हे सगळं बाजूने बघितलं तरच कळतं.

म्हणून आता पाण्यात उतरायचं ठरवलंय. पोहता चांगलं येतं. समुद्र किंवा डायव्हिंग करायचं नाही. जाणार ते ओढे आणि लहान नद्यांमध्ये, पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत, मधे एखादा डोह.

अडचण सामानाची आहे. वाचावं तितका गोंधळ वाढतोय. पोहायचा गॉगल घरात आहे, तोच चालेल का? सगळा चेहरा झाकणारा मास्क सोपा वाटतो, त्यात नळी दातात धरावी लागत नाही. स्नॉर्कलमध्ये, म्हणजे श्वास घ्यायच्या नळीत, साधा, सेमी-ड्राय, ड्राय असे प्रकार, त्यात पुन्हा तळाशी व्हॉल्व्ह असलेला आणि नसलेला. मास्कची कड काळी घ्यावी की पारदर्शक?

माझी माहिती देतो: वय ४७, दोन्ही डोळ्यांना उणे ३ नंबर, थोडा सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर). मिशी आहे आणि ती ठेवायची आहे. कॉन्टॅक्ट लेन्स अधूनमधून वापरतो.

खरोखर ओढ्यात उतरून मासे बघणारं कुणी असेल तर कृपया सांगा. जो भेटतो तो समुद्राचंच बोलतो.


गुडघाभर पाणी:

तुमचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, तिथूनच सुरू करते. मी ओढ्यांमधले मासे मोजणाऱ्या गटाबरोबर पाण्यात उतरते, आणि नव्याने येणाऱ्यांच्या चेहऱ्याला मास्क नीट बसतोय ना, हे बघायचं काम माझ्याकडे असतं. समुद्रासाठी चांगला म्हणून घेतलेला मास्क ओढ्यात नकोसा होतो, हे मी वारंवार बघते. समुद्रात माणूस खोल पाण्यावर तरंगत असतो, अंगावर लाटा येतात, मासे काही मीटर खाली असतात. ओढ्यात तुम्ही पालथे पडलेले, कोपरं गोट्यांवर टेकलेली आणि हातभर अंतरावर बोटाएवढा मासा. त्यामुळे इथे तीनच गोष्टी बघायच्या: मास्क चेहऱ्याला बसतो का, तो चेहऱ्यापासून किती पुढे येतो आणि नळी किती साधी आहे.

चेहऱ्याला बसणं सगळ्यात आधी. बाकी सगळं उत्तम असून कडेने पाणी झिरपत असेल तर तुमचं लक्ष माशाकडे राहतच नाही. परीक्षा अशी करायची: मास्कचा पट्टा पुढे काचेवर टाका. केस मागे सारा. मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. श्वास रोखून धरलाय तोवर मास्क चिकटून राहिला पाहिजे. श्वास जोरात ओढू नका, कारण जोर लावला तर न बसणारा मास्कसुद्धा चिकटतो आणि फसगत होते. मग हीच परीक्षा स्नॉर्कलचा माउथपीस तोंडात धरून पुन्हा करा. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. नळी तोंडात धरली की वरचा ओठ पसरतो, नाकाच्या बाजूच्या रेषा खोल होतात, आणि आत्ता छान बसलेला मास्क तिथूनच हवा सोडायला लागतो. तुम्हाला मिशी आहे, तेव्हा ही पायरी तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाची.

मास्क घातल्यावर भुवयांच्या मध्ये, नाकाच्या हाडाला चौकट टोचते का तेही बघा. जमिनीवर जरासं टोचणारं पाण्यात अर्ध्या तासाने सहन होत नाही. आणि पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते. सिलिकॉनची मऊ कड दाबून वाकडी होते आणि पाण्याला वाट मिळते. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, मास्क जागेवर राहील एवढाच ताणलेला असावा.

आता पुढे येण्याबद्दल. काच डोळ्यांच्या जितकी जवळ, तितकं जास्त दिसतं, खास करून खालच्या बाजूला. अशा मास्कला लो व्हॉल्यूम म्हणतात. आत हवा कमी असल्यामुळे तो चेहरा वर ढकलत नाही, पाणी शिरलं तर नाकाने एकदाच फुंकून बाहेर काढता येतं, आणि वीतभर पाण्यात मान तिरकी करून खडकाच्या कपारीत बघताना काच दगडाला आपटत नाही. बाजूलाही काचा असलेले मोठे मास्क समुद्रात झकास असतील, ओढ्यात ते सारखे कुठेतरी लागतात. शिवाय समोरची आणि बाजूची काच जिथे जुळते तिथे मासा तुटक दिसतो, एकाचे दोन होतात. मोजणी करणाऱ्याला तर हे फारच त्रासदायक.

काच टेम्पर्डच हवी. तसा शब्द काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोरलेला असतो. ती फुटली तर बोथट बारीक तुकडे होतात, धारदार कपच्या निघत नाहीत. प्लास्टिकची काच वाळूने ओरखडते आणि लवकर धुरकट होते.

काळा की पारदर्शक, याबद्दल माझं मत ठाम आहे: काळा. उथळ पाण्यात ऊन सगळीकडून येतं. पारदर्शक कडेतून ते आत शिरतं आणि काचेच्या आतल्या बाजूला स्वतःचेच गाल आणि पापण्या दिसायला लागतात. तुम्ही बघणार खडकाखालच्या अंधारात, तेव्हा मागून येणारा उजेड घातकच. काही जणांना काळ्या मास्कमध्ये कोंडल्यासारखं वाटतं, त्यांनी खुशाल पारदर्शक घ्यावा. घाबरलेल्या माणसाला मासे दिसत नाहीत.

पोहायचा गॉगल तात्पुरता चालेल, पण मी त्यावर थांबणार नाही. नाक बाहेर राहतं, म्हणजे नाकात पाणी जाणार. दोन छोट्या खिडक्यांतून दिसतं थोडंसंच. आणि डोहात थोडं खाली गेलात की पाण्याचा दाब गॉगल डोळ्यांवर दाबतो. नाक आत असतं तर नाकाने जराशी हवा सोडून तो दाब सारखा करता आला असता. मास्कला नाकाचा कप्पा असतो तो यासाठीच. कान दडे बसल्यासारखे झाले तर त्याच कप्प्यावरून नाक चिमटीत धरता येतं.

पूर्ण चेहऱ्याचा मास्क ओढ्यासाठी घेऊ नका. तो मोठा असतो, हवेमुळे वर ढकलतो, हनुवटी तळाला लागते. बहुतेकांत नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणजे खाली जाता येत नाही. रचना नीट नसेल तर सोडलेला श्वास आत साठतो आणि तोच पुन्हा घेतला जातो. आणि प्रवाहात काही गडबड झाली तर साधा मास्क एका हाताने वर सरकतो, तोंडातली नळी नुसती थुंकून टाकता येते. हा चेहऱ्यावर आवळलेला असतो.

स्नॉर्कलचं थोडक्यात आहे. वाकडी नळी, वर फार तर पाणी उडू नये म्हणून लहानशी टोपी (सेमी-ड्राय म्हणतात तो हाच), एवढंच. ड्राय प्रकारात वर एक तरंगती झडप असते, बुडली की ती नळी बंद करते. कल्पना चांगली आहे, पण ओढ्यात मान तिरकी केली की ती मधेच बंद होते आणि ऐन श्वास घेताना हवा मिळत नाही. शेवाळाचा धागा किंवा वाळूचा कण अडकला तर नीट मिटत नाही. खालच्या, पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचंही तेच: त्याच्या पातळ पडद्याखाली एक वाळूचा कण गेला की पाणी थेंब थेंब तोंडात येत राहतं. साध्या नळीत बिघडायला काहीच नाही, पाणी शिरलं तर जोरात फुंकायचं. शिवाय तिचा खडखडाट होत नाही. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातली हालचाल टिपणारी रेषा असते, त्यांना आपल्याआधी सगळं कळतं.

माउथपीस मात्र मऊ सिलिकॉनचा आणि तुमच्या तोंडाच्या मापाचा घ्या. मोठा असेल तर जबडा दुखतो.

मिशीसाठी: नाकपुड्यांच्या लगेच खाली, जिथे कड टेकते तेवढी बारीक पट्टी वस्तऱ्याने साफ करा. मिशी मिशीच राहते, कुणाच्या लक्षातही येत नाही. तेही नको असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा, थोडी गळती तरीही राहील.

नंबराबद्दल मी बोलत नाही, इथे त्या विषयातले लोक आहेत.


काचेपलीकडे:

नंबरासाठीच बोलावल्यासारखं झालं. मी डोळे तपासून नंबर काढायचं काम करतो, स्वतः पाण्यात क्वचित जातो.

आधी कॉन्टॅक्ट लेन्स: गोड्या पाण्यात नको. अकँथअमीबा नावाचा जीव नदी, तलाव, अगदी नळाच्या पाण्यातही असतो. तो लेन्सच्या मागे अडकला तर बुबुळाला संसर्ग होतो, फार दुखतो, बरा व्हायला महिने लागतात आणि दृष्टी कायमची अधू होऊ शकते. मास्क घातलाय म्हणून पाणी शिरणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही.

आता नंबर. पाण्यात उघड्या डोळ्यांनी धूसर दिसतं, कारण डोळ्याची प्रकाश वाकवण्याची दोन-तृतीयांश ताकद बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागाची, आणि ती हवा समोर असली तरच चालते. मास्क डोळ्यासमोर हवा परत आणून ठेवतो. पण काचेपलीकडे पाणीच असल्यामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर आहे असं डोळ्याला वाटतं, आणि सुमारे एक-तृतीयांशाने मोठीही दिसते.

हे पाऊण अंतर तुमच्या फायद्याचं आहे. उणे ३ नंबराला चष्म्याशिवाय साधारण ३३ सेंमीपर्यंत स्पष्ट दिसतं. पाण्यात तेच ३३ सेंमी म्हणजे प्रत्यक्षातले ४४. वर ताईंनी लिहिलंय की मासा हातभर अंतरावर असतो. म्हणजे काहीच नंबर न घालता, साध्या मास्कमधूनसुद्धा जवळचा मासा तुम्हाला लख्ख दिसेल. उणे १ वाल्याला तर पाण्यात सव्वा मीटरच्या पुढेपर्यंत दिसतं, त्याने ओढ्यासाठी नंबराची काच घ्यायचं कारणच नाही.

आणि वय ४७ लक्षात घ्या. तुम्ही वाचताना चष्मा काढत असाल, बरोबर? मास्कमध्ये पूर्ण उणे ३ ची काच बसवलीत तर लांबचं सुरेख दिसेल आणि नाकासमोरचा मासा धूसर. पाण्यात जवळचं आणखी जवळ येतं, म्हणून चाळिशीनंतर हा त्रास जमिनीपेक्षा जास्त जाणवतो. तुम्ही उणे दीडची काच घ्यावी असं मी सुचवेन. तिने पाण्यात जवळजवळ ९० सेंमीपर्यंत स्वच्छ दिसेल आणि जवळचंही वाचेल. त्यापलीकडे ओढ्याचं पाणीच किती नितळ असतं?

यासाठी दोन स्वतंत्र काचा असलेला मास्क घ्या. अशा काही मास्कच्या काचा काढून त्या जागी तयार नंबराच्या काचा बसवता येतात. त्या बहुधा अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने मिळतात आणि त्यांत सिलिंडर नसतो. थोडा सिलिंडर असेल तर त्याचा निम्मा मुख्य नंबरात मिळवतात. दोन टप्प्यांच्या मध्ये अडकलात तर कमी नंबर घ्या. एकसंध काचेच्या मास्कमध्ये हे जमत नाही, म्हणून मास्क निवडतानाच ठरवा.

काठावर परत आल्यावर खडकांवरून चालायला तुमचा नेहमीचा चष्मा लागेल. तो बरोबरच्या माणसाकडे ठेवा, दगडावर ठेवू नका.


काठावरून:

दोघांचेही मनापासून आभार. वाचताना चष्मा काढतो, अगदी बरोबर! उणे दीडचा विचार डोक्यात आलाच नसता.

सांगितल्याप्रमाणे मास्क लावून बघितले. चार-पाच नुसते चेहऱ्यावर चिकटले, पण नळी तोंडात धरल्यावर दोनच टिकले. त्यातला एक लो व्हॉल्यूम, काळा, दोन काचांचा आहे, तोच घेतोय.

आणखी तीन शंका. नवा मास्क धुरकट होतो म्हणतात, त्यावर काय करायचं? जरा लांब नळी मिळाली तर डोहाच्या तळाशी पडून बघता येईल का? मरळ आणि वांब खोल सावलीत असतात म्हणून विचारतोय. आणि मी उतरल्या उतरल्या गाळ ढवळला जातो, मग दिसणार काय?


डोहाजवळ:

लांब नळीच्या शंकेला मी उत्तर देतो, कारण ही शंका जिवाशी येऊ शकते.

नाही. नळी साधारण ३५ ते ४० सेंमीची असते ती विचार करूनच. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे एक मीटरवर एक-दशांश. आकडा छोटा वाटतो, पण तो सगळ्या छातीवर पडतो, आणि नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागाच्या दाबाची. छातीच्या स्नायूंना तेवढं पाणी ढकलून श्वास घ्यावा लागतो आणि ते फार वेळ जमत नाही. फुप्फुसांना इजाही होऊ शकते. शिवाय नळी जितकी लांब, तितकी सोडलेली हवा तिच्यातच राहते आणि तीच परत आत येते. नळीला जोड देऊन लांबी वाढवायची नाही, कधीही नाही.

खाली जायचंच असेल तर एक साधा श्वास घेऊन, थोडा वेळ, आणि काठावर किंवा पाण्यात दुसरं कुणीतरी तुमच्याकडे बघत असताना. बुडी मारण्याआधी भराभरा खोल श्वास घ्यायचे नाहीत. त्याने अंगात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो इशाराच उशिरा आला तर माणूस पाण्यात बेशुद्ध होतो, काही जाणवायच्या आत. उत्तम पोहणारेही असे गेले आहेत.

पाण्याबद्दलही सांगतो. प्रवाहात आडवं पडलेलं झाड दिसलं की त्याच्या वरच्या बाजूने जवळ जायचं नाही. फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. जोराच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडांत अडकला तर प्रवाह तोंडावर पाडतो. पाठीवर व्हा, पाय पुढे आणि वर, आणि शांत पाण्यापर्यंत वाहत जा. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात याची चौकशी केल्याशिवाय उतरायचं नाही.

पाऊस झाला की काही दिवस थांबा. गढूळपणा जातोच, पण धुऊन आलेली घाणही जाते. जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात, जखमेतून आणि डोळ्या-नाका-तोंडातून शिरतात. अंगावर जखम असेल तर उतरू नका. उतरल्यानंतर तीन-चार आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आपणहून सांगा. कोमट, साचलेलं पाणी टाळाच. नेग्लेरिया नावाचा अमीबा अशा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. फार दुर्मीळ आहे, पण झाल्यावर वाचणारे थोडे. हिरवट साय आलेल्या पाण्यातही नको.

एकट्याने जाऊ नका. गुडघाभर पाण्यातसुद्धा.


गुडघाभर पाणी:

डोहाजवळ यांनी लिहिलंय ते जसंच्या तसं पाळा. आमच्या गटातही एक जण पाण्यात, एक काठावर, हाच नियम आहे.

धुरकटपणा: नव्या काचेवर आतून कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा पातळ थर असतो, वाफ त्यावर धरते. साधी पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नको, काचेच्या आतल्या बाजूला बोटाने चांगली चोळा आणि धुवा. दोन-तीनदा करावं लागतं. काचेवर आधीपासून धुकंरोधक लेप असल्याचं लिहिलं असेल तर मात्र चोळायचं नाही, तो निघून जाईल. मग दर वेळी उतरताना लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब पाण्यात मिसळून आतून फिरवायचा आणि ओझरतं विसळायचं. तो नसेल तर थुंकी उत्तम काम करते. आणि चेहरा आधी पाण्याने गार करून घ्या. तापलेला चेहरा आणि ओढ्याची गार काच, यातूनच वाफ धरते. नाकाने मास्कमध्ये श्वास सोडायचा नाही, ही सवय पहिल्या काही वेळांत लावून घ्यावी लागते.

गाळाचं: प्रवाहाच्या उलट, वरच्या दिशेने सरका. ढवळलेलं सगळं तुमच्या मागे वाहून जातं. शिवाय मासे तोंड प्रवाहाकडे करून उभे असतात, वाहत येणारा खाऊ पकडायला, म्हणजे तुम्ही त्यांच्या मागून येता. पाय मारायचे नाहीत, फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ही, तर घालायच्याच नाहीत. बोटांनी गोटे धरून अंग पुढे ओढायचं. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्के हलकं, त्यामुळे ७० किलोच्या माणसाला जवळजवळ पावणेदोन किलोचा कमी आधार मिळतो. इथे तळाशी पडून राहायचं असल्याने ते बरंच आहे. वेटसूट (पाण्यात ऊब राखणारा फोमसारखा अंगाबरोबरचा पोशाख) घातलात तर मात्र वर तरंगाल. तरीही घाला, पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने ओढतं आणि न हलता पडून राहणाऱ्याला थंडी आधी गाठते. दातखिळी बसायच्या आधी बाहेर या.

एका जागी पोचलात की थांबा. काहीच करू नका. पहिली काही मिनिटं ओढा रिकामा वाटतो. मग दगडाच्या कडेची वाळू हलते आणि लक्षात येतं की तिथे मुरी (तळाशी राहणारा छोटा मासा) आहे, ती केव्हापासून तिथेच होती. तोंडाजवळच्या मिशा वाळूवर टेकवत पुढे सरकते, तोंडभर वाळू घेते, चघळते, आणि कल्ल्यांतून बारीक धूर सोडल्यासारखी ती बाहेर टाकते. अंगावरचे पट्टे कडेला तुटलेले, प्रत्येक पट्ट्याच्या काठाला फिकट रेघ. काठावरून ही तुम्हाला वाळूच वाटली असती. ज्यांचं नाव पुस्तकात वाचलं होतं ते मासे असे खाताना बघितले की ओळख पटते ती कायमची.

मान थोडी वर करून तिरकं बघा. डोक्यावर सुमारे ९७ अंशांची गोल खिडकी असते, तिच्यातून आकाश आणि झाडं दिसतात. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आतून आरसा होतो आणि तळाचे मासे त्यात उलटे दिसतात. दगडाच्या पलीकडे कोण आहे हे कित्येकदा आधी तिथेच कळतं. माशालाही तुम्ही काठावर उभे असता तेव्हा त्याच खिडकीतून दिसता, म्हणून तर ते पळायचे.

मरळीसाठी डोहाच्या तळाशी जायचं कारण नाही. ती हवा घ्यायला वर येते. सावलीच्या कडेला, पाण्याच्या वरच्या थरात निश्चल पडून राहा. लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथून मागे फिरा. आईबाप जवळच असतात, पिल्लांची राखण करत, आणि तुमच्यामुळे ते पांगले तर पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. दगडही उलटायचे नाहीत. काही मासे दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवतात आणि नर तिथे पहारा देतो. बघायचं असेल तर लहानसा पाण्यातला टॉर्च न्या आणि कपारीत तिरका प्रकाश टाका. थेट डोळ्यांवर नको. टॉर्चने हिरवट पाण्यात हरवलेले रंगही परत येतात.

ऊन डोक्यावर असताना जा, म्हणजे सावल्या आखूड आणि तळ उजळ. सनस्क्रीन चोपडून उतरू नका, लांब बाह्यांचा सदरा घाला. पाठीला ऊन लागतं ते पाण्यात असताना कळत नाही.


काठावरून:

खूप दिलंत. शेवटचं एकच: दोन वेगवेगळ्या ओढ्यांत एकाच दिवशी गेलो तर चालेल? आणि मास्क ठेवायचा कसा?


गुडघाभर पाणी:

एकाच दिवशी शक्यतो नको. मास्कच्या कडेच्या घडीत, नळीत, बुटांच्या तळव्यांत आणि वेटसूटमध्ये पाणी राहतं. त्यातून शेवाळाचे तुकडे, गोगलगायींची अंडी, शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं आणि बेडकांना मारणारी बुरशी एका ओढ्यातून दुसऱ्यात जाते. झेब्रा शिंपले आणि डिडिमो हे शेवाळ कित्येक नद्यांमध्ये असंच पसरलं, आणि एकदा पसरलं की काढता येत नाही. चिखल तिथल्या तिथे धुवा, घरी सगळं स्वच्छ करा आणि पूर्ण वाळल्यावर आणखी दोन दिवस जाऊ द्या. दोन ओढे करायचेच असतील तर सामानाचे दोन संच हवेत, किंवा एकाच ओढ्यात वर-खाली दोन जागा निवडा; त्यातही आधी वरची, मग खालची.

मास्क सावलीत वाळवा, उन्हात सिलिकॉन खराब होतं. टणक डबीत ठेवा, नाकाच्या कप्प्यावर काही दाबून ठेवू नका, एकदा कड वाकली की तिथून पाणी येत राहतं. नळी त्याच पट्ट्यात अडकवून ठेवू नका, वेगळी ठेवा. आणि स्नॉर्कल डाव्या बाजूला लावायचा असं वाचाल. तो नियम डायव्हिंगवाल्यांचा, त्यांची हवेची नळी उजवीकडून येते म्हणून. तुम्ही ज्या कुशीवर वळून कपारीत बघता, त्याच्या विरुद्ध बाजूला लावा.